अण्णांच्या पेवात पडलेली पाच माणसं

"माझ्या पेवात पडायला मी आवतान दिलं हुतं का त्याला?" अण्णांनी माझ्या ऑफिसच्या टेबलावर मूठ आपटली.

अण्णा माझे अशील, सांगलीजवळच्या गावातले हळदवाले शेतकरी. पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीखाली खणलेली खोली. वर माणूस उतरेल एवढंच तोंड. अण्णांच्या पेवात पुराचं पाणी शिरलं, मग ते अर्धवट बुजवून सोडलेलं; तोंड उघडंच, भोवती गवत वाढलेलं. विजेचा मीटर त्याच्या पलीकडच्या भिंतीवर. रीडिंग घ्यायला आलेले वीज कंपनीचे कर्मचारी, आडनाव सुतार, सरळ पेवात पडले. मांडीचं हाड मोडलं, चार महिने काम बंद. त्यांनी दावा लावला.

कायदा साधा आहे. जागा ज्याच्या ताब्यात, त्यानं तिथं कामाला येणाऱ्याची वाजवी काळजी घ्यायची. कोर्ट बघतं, की इजा होईल हे आधी कळण्यासारखं होतं का, आणि ती टाळायला किती खटाटोप पडला असता. माझा सगळा बचाव पहिल्या मुद्द्यावर उभा होता. असं काही होईल याची अण्णांना कल्पनाच नव्हती!

"विचारतील तेवढंच बोला," मी बजावलं.

"तोंडाला कुलूप, बाई."

उलटतपासाला सुतारांचे वकील उठले. माणूस पक्का बेरकी, बोलणं खडीसाखरेसारखं. "अण्णा, पेव जुनं. भिंती कच्च्या असतील, नाही?"

झालं! अण्णा पेटले. "कच्च्या? माझ्या आज्ज्यानं खणलंय. आजवर पाच माणसं पडली, एक ढेकूळ हाललं न्हाई!"

जजसाहेबांचं पेन थांबलं.

"पाच?"

अण्णांनी बोटं मोजली. "थोरला जावई, त्येला काढाय गेलेला माझा भाऊ, गवंडी, मी सोता. आन् ह्ये सुतार."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"मग तोंडावर झाकण का नाही?" सुतारांच्या वकिलांनी लगेच विचारलं.

"हाय की. जाड फळ्यांचं. गोठ्यात म्हशीच्या पायाखाली टाकलंय, ती घसरली म्हणून."

"किती वेळा घसरली?"

"एकदाच," अण्णा ताठ मानेनं म्हणाले. "लगेच टाकलं. मुकं जनावर हाय ओ."

अख्खं कोर्ट हसलं. कुबडीवर रेललेले सुतारसुद्धा. मी फाइलमध्ये नसलेला कागद शोधत बसले.

सुतारांनी खाली बघून चालायला हवं होतं, असं मी शेवटी म्हणून पाहिलं. साहेब म्हणाले, "वकीलबाई, गवतात तोंड दिसत नव्हतं. आणि ते मीटर बघायला आले होते." निकाल लागला. धोका माहीत होता, झाकण घरातच होतं, भरपाई अण्णांनी द्यायची. मला हरल्याचा राग आला. पण सुतारांना लंगडत जाताना पाहून निकाल चुकला असंही म्हणवेना.

बाहेर अण्णांवर तोंडसुख घ्यायला मी वळले, तर तेच शांतपणे म्हणाले, "आवं बाई, तुमी आदी इचारलं असतं तर मी तुमाला बी सांगितलं असतं की."

खरंच मी विचारलं नव्हतं. आता अशी केस आली की कायद्याचं पुस्तक मागाहून उघडते. आधी अशिलाला चहा देते आणि विचारते, "याआधी किती जण पडले?"