टॅपेटची फट

माझी मोटरसायकल विकायला काढली होती ती आमच्या ह्यांनी. लोणावळ्याहून पवनानगरच्या शाळेत चौदा वर्षं मी तिच्यावरूनच जातेय. पण दिवाळीपासून तिला एक खोड लागली. सकाळी एका किकमध्ये चालू व्हायची, आणि दुपारी परतताना तापली की खिंडीच्या चढावर जीव सोडायची. दोनदा तर मी ती ढकलत वर नेली, तेही माझ्याच विद्यार्थ्यांनी भरलेल्या जीपसमोरून. लोणावळ्यातल्या दोन गॅरेजांनी एकच निकाल दिला, इंजिन खोलावं लागेल. मग ह्यांनी गिऱ्हाईक शोधलं. ते रविवारी संध्याकाळी येणार होतं.

"तुला छान स्कूटर घेऊ," हे म्हणाले. मला स्कूटर नको होती, हीच हवी होती.

शुक्रवारी सातवीला उष्णता शिकवत होते. गार गोळा कड्यातून आरपार जातो, तापवला की अडकतो. "म्हणून रुळांच्या सांध्यात फट ठेवतात," असं म्हणाले आणि तिथेच थांबले. मला दिवाळीआधीची कामशेतची दुपार आठवली. इंजिनातून टकटक येत होती. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यात केसाएवढी फट असते, त्या टॅपेटचा तो आवाज. तिथला मिस्त्री बिचारा सांगत होता, "मॅडम, थोडा आवाज ऱ्हाऊ द्या. लय आवळून चालत न्हाई." आणि मी, विज्ञानाची बाई, फणकारले, "अजिबात नको. पार बंद करून टाका." त्याने बंद केला. म्हणजे फटच ठेवली नाही. मग तापून लांबलेला व्हॉल्व्ह नीट मिटणार कसा? इंजिनाची सगळी ताकद तिथूनच निसटत होती. पोरांना शिकवायचं एक आणि स्वतःच्या गाडीपाशी अक्कल गहाण ठेवायची, असा सगळा प्रकार. मुलं वाट बघत होती, म्हणून धडा पुढे नेला.

रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, अंगणात पोतं अंथरून बसले. शेजारी गाडीचं पुस्तक, नट फिरवायचे पाने आणि नवं फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पोलादी पाती. हे चहाचा कप घेऊन पायरीवर बसले. "भाग उरले तर गिऱ्हाइकाला पिशवीत घालून देऊ," म्हणाले. मी पाना उचलला.

इंजिनाच्या वरच्या दोन टोप्या काढल्या, खुणेला खूण जुळवून दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत याची खात्री केली, आणि पातं घातलं. शिरेना. सगळ्यात पातळ पातंही शिरेना, म्हणजे माझा अंदाज खरा होता. मला इतका आनंद झाला की काय सांगू. स्क्रू सैल केला, मिटलेल्या वहीतून कागद ओढावा तसं पातं जरासं धरून सुटेपर्यंत जुळवला, आणि त्याला जागेवर धरणारा नट आवळला. नटाबरोबर स्क्रूही फिरला आणि फट गेली. पुन्हा केलं, पुन्हा गेली. चौथ्यांदा स्क्रू चिमट्यात असा धरला की बोटाला वळ उठला, पण फट राहिली. मग दुसरा व्हॉल्व्ह.

किक मारली. टकटक टकटक.

"घ्या. गेलेला आवाजही परत आणलास."

"आणायचाच होता. आता मागे बसा. खिंड दुसऱ्या गिअरवर चढली तर गाडी राहील. नाही चढली तर संध्याकाळी चावी मी माझ्या हाताने देईन."

आधी धरणापर्यंत उतरलो, गाडी चांगली तापू दिली आणि मग वळवली. आमचे हे वजनाला काही कमी नाहीत. ती नेहमी मान टाकायची ते वळण आलं.

"उतरू का?" मागून ह्यांनी विचारलं.

"हलू नका."

थोडी मूठ पिळली. ती कुरकुरली नाही, थबकली नाही, दुसऱ्याच गिअरवर चढत राहिली. शेवटच्या चढाला तर मी मोठ्याने हसत होते, आणि धरणाकाठी तंबूत राहायला आलेले पाहुणे गाडीच्या काचा खाली करून बघत होते. बघू देत.

माथ्यावर हे उतरले. खिशातून फोन काढला.

"संध्याकाळी येऊ नका. गाडी द्यायची नाही," ते गिऱ्हाइकाला म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही हो, किमतीचा प्रश्न नाही. गाडी बायकोची आहे. मी तिला न विचारताच विकायला निघालो होतो."