पाडव्याचा टिळा आणि आमचा गोली

आमच्या गावच्या फुटबॉल क्लबाचा इतिहास छापून आलाय. गुळगुळीत कागद, पहिल्याच पानावर माझ्या बापाचा फोटो आणि खाली 'आश्रयदाते'. आश्रयदाते म्हणे! मी पुस्तक भिरकावूनच दिलं. म्हातारपणी राग आवरावा म्हणतात. नाही आवरत, काय करू?

स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी रिठदला आम्ही खेळायला लागलो. ज्वारीची खळी उठली की तीच मोकळी जागा आमचं मैदान. बांबूचे खांब, अनवाणी पाय, चेंडू एकच. मी कप्तान, कारण जागा आमची. मला खेळता फारसं येत नव्हतं. खरा खेळणारा आमचा गोली, आणि तो आमच्याच घरचा सालदार. म्हणजे वर्षाच्या बोलीनं राबणारा गडी. दिवसभर मोट हाकायचा आणि उन्हं कलली की गोलात उभा राहायचा. त्याच्या हातून चेंडू सुटलेला मी पाहिला नाही.

रिसोडच्या शाळेचे हेडमास्तर फुटबॉलचे वेडे. त्यांनी निरोप धाडला: आमच्या टीमशी मॅच खेळा, मी स्वतः पाहायला येतो, तुमचा गोली ऐकतोय तसा निघाला तर त्याला शाळेत शिपाई म्हणून घेतो. गोलीनं हे ऐकलं आणि माझा हात धरला. "भाऊ, मले या गोठ्यातून निघाचं हाये."

मॅच आम्ही मुद्दाम पाडव्याला ठेवली. आमच्याकडे साल पाडव्याला संपतं. जुनं सुटलं, नवं लागायचंय, एवढ्या वेळापुरता गडी कुणाचाच नसतो. मालकानं कपाळी टिळा लावून हातात सुपारी ठेवली, की पुढचं वर्ष मालकाचं. मग शब्द फिरवता येत नाही.

आणि मी गाढव! आदल्या दिवशी जेवताना बापापुढे फुशारकी मारली. "बाबा, उद्या आपल्या गोलीले शायेत नोकरी लागते, पाहा!" बाप भाकर मोडत राहिला.

पाडव्याला सकाळीच बापानं त्याला पुरणपोळी खायला बोलावलं. सणाच्या जेवणाला नाही कोण म्हणेल? पोटभर जेवू घातलं. हात धुऊन तो वळतो न वळतो तोच बापानं टिळा लावला, सुपारी दिली. गोलीनं सवयीनं मान वाकवली होती. मान वर केली तेव्हा त्याला कळलं.

"मालक, आज मॅच हाये न."

"साल लागलं न बाप्पा आता," बाप म्हणाला. "मिरचीले पानी कोन देईन?"

अर्धी टीम ओसरीवर उभी होती. एकाचीही जीभ हलली नाही. भेकड लेकाचे सगळे, आणि त्यात मी पहिला.

मॅच झाली. आमची विहीर मैदानाला लागूनच. इकडे आम्ही गोल खात होतो आणि तिकडे मोटेचं चाक कुरकुरत होतं. आमच्यावर गोल झाला की ते थांबायचं, मग पुन्हा सुरू व्हायचं. सहा वेळा थांबलं.

खेळ संपल्यावर हेडमास्तर सरळ माझ्याकडे आले. "तुमचा तो गोली कुठं आहे?"

बाप दोन हातांवर खुर्ची टाकून बसला होता. मी विहिरीकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. मी म्हणालो, "त्याले ताप आला, सर."

ते हळहळले आणि सायकलवर बसून निघून गेले. गोली पुन्हा मैदानावर आला नाही. पुढची बारा वर्षं आमच्याकडेच राबला. मला 'भाऊ' म्हणणं त्यानं त्या दिवसापासून सोडलं, 'मालक' म्हणू लागला.

छापलेल्या इतिहासात बापाला दोन पानं आहेत. गोलीला एक ओळ: 'त्या सामन्यात आमचा गोली तापामुळे खेळू शकला नाही.' पुस्तक काढणाऱ्या पोरांना घरी बोलावून मी नाही नाही ते बोललो. कुठल्या भामट्यानं तुम्हाला हे सांगितलं, म्हणून ओरडलो.

पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. मग त्यातलं एक चाचरत म्हणालं, "आबा, तुमीच तं सांगतलं होतं."