‘नो ऑब्जेक्शन’ आणि दुसरं पान

‘आय हॅव नो ऑब्जेक्शन’ असं तुम्ही शेवटचं कुणाला लिहून दिलंत, आणि पूर्णविराम कुठे दिलात?

मी चुकीच्या जागी दिला होता. लालबागच्या आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरला तेव्हा बिल्डरच्या माणसाने प्रत्येक भाडेकरूकडून इंग्रजीत संमतीपत्र मागितलं. चाळीची पत्रकं मीच लिहिते. बाबा गिरणीत होते, घरात युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे, त्यांवरच मी वाचायला शिकले. त्यामुळे त्याचा छापील मजकूर मी ताठ मानेने परत केला आणि बत्तीस खोल्यांसाठी स्वतःचा लिहिला. पहिल्या पानावर, पुनर्विकासाला ‘आय हॅव नो ऑब्जेक्शन’. पूर्णविराम. मग चाळीचा इतिहास, कामगारांचे हक्क, बरीच आग. दुसऱ्या पानाच्या तळाशी अट: आधी नोंदणीकृत करारनामा, मगच खोली रिकामी.

प्रत्येक पानावर सही हवी, असं त्या माणसाने सांगितलं होतं. तशा झाल्या. मी गठ्ठा घेऊन निघणार, तेवढ्यात बाबांनी आमचं पत्र मागितलं. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी पानं मोजली.

“चेडवा, ह्या दुसरा पान गळला तर पयल्यार काय रवता?”

मी बघितलं. त्यांची सही उरत होती, आणि बिनशर्त होकार.

“पत्रक कोणय अर्धा फाडता, म्हणान मागणी पयल्या वळीत घालूची,” बाबा म्हणाले. “तू भाषण घातलंस.”

“बिल्डरचंच पत्र लिहिलंस की गं,” आई आतून म्हणाली. “तेही फुकट.”

मी बत्तीस दारं पुन्हा वाजवली. नवं पत्र एकाच वाक्याचं केलं: ‘आय हॅव नो ऑब्जेक्शन प्रोव्हायडेड’, म्हणजे ‘या अटीवर’, आणि स्वल्पविरामाचीही उसंत न देता करारनाम्याची अट. खाली सही. इतिहास गेला, आग गेली.

बिल्डरच्या ऑफिसात प्रत्येक प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला. बाहेर येऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. जुनी पत्रं पिशवीतच होती, कुणाच्या हाती लागली नव्हती. खोली अजून आमची होती.

तुमच्या इमारतीत असं पत्र फिरत असेल तर घरच्यांनी सही करण्याआधी ते मागून घ्या. होकार आणि अट एकाच वाक्यात नसेल, तर परत पाठवा.