आईचं मत मी देऊन टाकलं

बंटीशेठने माझ्या गालावर थोपटलं.

मी बावन्न वर्षांचा. तो असेल तिशीचा. सकाळचे सहा वाजून गेले होते. शेडमध्ये झेंडूचे क्रेट उतरत होते. आजूबाजूला सगळी ओळखीची माणसं. त्यांच्यासमोर त्याने माझ्या गालावर दोनदा हलकेच थोपटलं आणि म्हणाला, "शहाणं बाळ."

मी हसलो.

हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे गेल्यावर लिहायचा धीर होणार नाही. मी नुसता हसलो नाही, मान तिरकी करून हसलो. त्याला थोपटायला सोपं जावं म्हणून.

आता हे कशाबद्दल होतं ते सांगतो.

नाशिकच्या आजूबाजूला फुलं पिकवणाऱ्यांचं आमचं एक मंडळ आहे. गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या, अलीकडे मंडळाची पत्र्याची शेड आहे. आत विक्रीचे ओटे. कुणी कुठल्या ओट्यावर बसायचं ते मंडळाची कमिटी ठरवते. पुढचे ओटे सावलीत. तिथं शेवंती दुपारपर्यंत टवटवीत राहते. आमचा ओटा सगळ्यात शेवटी, मुतारीला लागून. नऊ वाजता ऊन येतं, दहाला शेवंती मान टाकते. गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून भाव विचारतं, आणि रुमाल लावलेलं गिऱ्हाईक फार वेळ घासाघीस करत नाही, हा एक फायदा.

मंडळाचे अध्यक्ष अण्णा. चार पॉलिहाऊसचे मालक. त्यांच्या आधी त्यांचे वडील अध्यक्ष. बंटीशेठ त्यांचा पुतण्या.

पूर्वी निवडणूक हात वर करून व्हायची. सभेत अण्णा स्टेजवरून विचारायचे, "कुणाचा विरोध?" मग चष्मा काढून पुसायचे, पुन्हा घालायचे आणि एकेक रांग बघायचे. विरोध नसायचा. बायका सभासद होत्या, पण कागदावर. सभेच्या वेळेला त्या वावरात फुलं तोडत असायच्या.

एक माझी आई यायची. वडिलांनी तिला तिच्या स्वतःच्या नावाने सभासद केलं होतं. भावकी म्हणाली होती, बाईच्या नावाने शेअर कशाला. वडिलांनी ऐकलं नाही. तो शेअरचा कागद आईने प्लॅस्टिकमध्ये घालून ट्रंकेत ठेवलाय. तिला लिहिता येत नाही, पण त्या कागदावर तिचं नाव कुठं आहे ते ती बोट ठेवून दाखवते. अण्णांच्या विरोधात तिने दोनदा हात वर केला. सगळ्या सभेत एकटा तिचाच हात, त्यात हिरव्या बांगड्या. दोन्ही वेळा मी शेजारी बसून चपलेचा अंगठा तपासत होतो. अंगठा चांगला होता.

आमचा ओटा मुतारीशेजारी गेला तो त्यानंतर.

म्हणून मोबाईलवर मतदान आणा, हे मंडळात पहिल्यांदा मी म्हणालो. हो, मीच. उभा राहून भाषण केलं. घरबसल्या मत देता येईल, बायांना देता येईल, पेठच्या बाजूचे सभासद दोन एसट्या बदलून येतात त्यांना देता येईल. कुणी कुणाला मत दिलं हे कुणाला दिसणार नाही. शेवटचं वाक्य मी जरा हळू म्हणालो, पण म्हणालो. घरी येऊन बायकोला तेच भाषण पुन्हा करून दाखवलं. ती म्हणाली, "वा. आता भाकरी खा."

अण्णा लगेच हो म्हणाले. तिथंच मला कळायला हवं होतं.

मग मोबाईल नंबर नोंदवायला सांगितले. आईकडे फोन नाही. बायकोचा फोन पाण्याच्या टाकीत पडलेला. तिघांच्या नावापुढे मी माझाच नंबर लिहून दिला. सगळ्यांनी तेच केलं. घरात चार सभासद, फोन एक, आणि तो घरातल्या बाप्याच्या खिशात. गॅसचा नंबर असो, रेशनचा असो, बँकेचा असो, आमच्याकडे असंच चालतं. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही.

कमिटीत बायकांसाठी राखीव जागा एक, तिथं अण्णांची सून उभी होती. तिच्या विरोधात आमच्या शेजारची शकूताई. अर्धा एकर निशिगंध, नवरा नाही, जीभ तिखट. तिचं म्हणणं एकच होतं, ओटे दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटायचे. निघेल त्याला निघेल. आई तिला म्हणाली, "माझं मत तुला. बटण मी दाबणार."

मतदानाच्या आदल्या दिवशी आईने मला तीनदा विचारलं, बटण कुठं असतं. मी म्हणालो, मी दहापर्यंत घरी येतो, मग तुझ्या हाताने दाब.

आणि सकाळी शेडमध्ये बंटीशेठ खुर्ची टाकून बसला होता. मांडीवर टॅब, हातात सभासदांची यादी. फुलं उतरवून झाली की ज्याने त्याने आपलं त्याच्याकडे जायचं. तो टॅबवर सभासद क्रमांक टाकायचा, आपल्या फोनवर सहा आकड्यांचा नंबर यायचा, तो आपण सांगायचा. झालं मतदान. कुणाला दिलं ते बंटीशेठ बघून घ्यायचा.

माझी पाळी आली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काय काका. आला का नंबर?"

मी मेसेज वाचला. आता हसू नका. मी तो सगळा वाचला. आकडे वाचले आणि पुढचंही वाचलं, मोठ्याने, शाळेत धडा वाचावा तसं. "हा क्रमांक कोणालाही सांगू नका."

आजूबाजूचे हसले. बंटीशेठ म्हणाला, "नाही सांगणार हो कुणाला."

"आता काकूंचा."

सांगितला.

"आता आजींचा."

मी थांबलो. म्हणालो, "आई स्वतः देणार म्हणते. घरी गेलो की..."

तेव्हा त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. आवाज न चढवता विचारलं, "दसऱ्याला कुठं बसायचंय काका? आत का रस्त्यावर?"

दसरा तीन आठवड्यांवर होता. वावरात झेंडू कळीला आलेला. वर्षभर आम्ही जगतो ते त्या दोन दिवसांवर.

मी आईचा नंबर सांगितला. एक आकडा चुकला, तर दुरुस्त करून पुन्हा सांगितला. मग त्याने थोपटलं.

दहाला घरी गेलो. आई पडवीत बसली होती. आंघोळ करून, इस्त्रीचं लुगडं नेसून, कुंकू लावून. फोनवर मत द्यायला लुगड्याची गरज नसते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने उजवा हात पदराला पुसला आणि पुढं केला.

"आण."

मी म्हणालो, "आई, ते झालं."

"काय झालं?"

"मतदान. तुझंपण झालं."

"मी तर हितंच हाय."

मी खिशातला फोन चाचपला.

"कुणी दिलं?"

"फोन माझ्याकडं होता ना."

"कुणाला दिलं?"

ते मला माहीत होतं आणि तिलाही कळलं. ती उठली. आत जाऊन लुगडं बदलून आली. घरातलं जुनं नेसून बाहेर आली आणि मला म्हणाली, "तुझ्या बापानं मला मेंबर केलं होतं. तू मला काढलं."

मग टोपली घेऊन वावरात गेली.

बायको दारात उभी होती. मला वाटलं ती तरी काही बोलेल, भांडेल, म्हणजे मी दसऱ्याचं कारण सांगू शकेन. ती एवढंच म्हणाली, "माझं दिलंत ते ठीक. मला सवय हाय. आईंना तरी सोडायचं."

संध्याकाळी निकाल लागला. शकूताई चार मतांनी पडली. जेवताना बायको ताटाकडे बघत म्हणाली, "तिकडची तीन कमी झाली असती, इकडं तीन वाढली असती." मी तोंडातला घास गिळला. आई सगळं ऐकत होती. तिने आमटी मागितली ती बायकोकडे मागितली, वाटी माझ्यापुढं होती तरी.

दोन आठवड्यांनी मंडळाची सभा झाली. अण्णा खुशीत होते. म्हणाले, आपल्या मंडळाच्या इतिहासात एवढं मतदान कधी झालं नाही. आपल्या मायमाउल्यांनी, ज्यांनी कधी सभेचं तोंड पाहिलं नाही, त्यांनी एकूणएक मतं दिली. टाळ्या झाल्या. ज्या मायमाउल्यांबद्दल चाललं होतं त्या वावरात होत्या.

मग अण्णा म्हणाले, सगळ्यात वयस्क मतदाराचा आपण सत्कार करतोय. ज्यांनी या वयात मोबाईलवर मतदान केलं.

आणि माईकवर माझ्या आईचं नाव.

मी आईला घरून निघतानाच म्हणालो होतो, आज नको येऊस, ऊन लय आहे. ती रिक्षात माझ्याआधी बसली होती. आता ती उठली, हळूहळू पायऱ्या चढली. अण्णांनी शाल उलगडली. आईने हाताने ती बाजूला केली. माईक तिच्या उंचीला वर होता. तिने टाचा उचलल्या.

"मी मत दिलं नाय. मला कुणी विचारलंच नाय."

सभेत हशा पिकला. अण्णाही हसले, प्रेमाने. म्हणाले, "आजी, विसरलात तुम्ही. घरून दिलंत ना, मोबाईलवर." मग माईक हातात घेऊन सभेला म्हणाले, "वय झालं की होतं असं." आणि मला रांगेतून शोधून काढलं. "काय रे, सांग की आईला. विसर पडतो ना हल्ली?"

आई वळून माझ्याकडे बघत नव्हती. ती समोर बघत होती, सगळ्या लोकांकडे, हातात काही नाही, अंगावर शाल नाही. लोक तिला हसत होते. मी मान हलवली असती की संपलं होतं. म्हातारी बाई, विसरली. दसरा आठ दिवसांवर. मान हलवायला काहीच लागत नाही. तीस वर्षं मी तीच हलवत आलो होतो, मला त्याचा चांगला सराव होता.

मी उभा राहिलो. पुढच्या खुर्चीची पाठ धरली. तिच्यावर बसलेला माणूस दचकला.

"तिला विसर पडत नाही," मी म्हणालो. "तिचं मत मी दिलं. बायकोचंपण मीच दिलं. फोनवर आलेला नंबर मी बंटीशेठला शेडमध्ये वाचून दाखवला. तिघांचा."

हशा थांबला. मग कुणीतरी मागून खोकलं.

अण्णा माईकवरून शांतपणे म्हणाले, "म्हणजे गुन्हा तू केलास."

"हो," मी म्हणालो. "आधी मी. पण मी एकटा नाही. इथं ज्यांनी ज्यांनी नंबर वाचून दाखवला त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. समोरच्या रांगेत माझा चुलतभाऊ खाली वाकून चपलेकडे बघत होता. त्याच्यावर रागवायचा मला अधिकार नाही.

दुसऱ्या दिवशी आमचा ओटा रद्द झाला. दसऱ्याचा झेंडू मी रस्त्यावर विकला, पोलिसाने दोनदा उठवलं. निम्मा सुकून परत आणला आणि बांधावर टाकला. शकूताई आली होती मदतीला. एरवी जीभ तिखट, पण त्या दिवशी तिने क्रेट उचलले आणि चार मतांविषयी एक शब्द काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लोक विचारतात, मग आता पुन्हा हात वर करून मतदान आणायचं का? मी म्हणतो, नाही. शकूताईला जेवढी मतं पडली तेवढी हात वर करून सात जन्मात पडली नसती. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन होता आणि आतून लावायला दार होतं, त्यांनी ती दिली. मशीनने काम केलं. माझ्या खिशात तीन माणसांचा फोन होता, तिथं मशीन काय करणार. आईला आता दुसरा फोन घेतला आहे, तिच्या नावाचं सिम. तो ती ट्रंकेत कुलपात ठेवते. किल्ली कुठं आहे ते मला सांगत नाही. बरोबर करते.

मी सहकार खात्याच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला. तिथला कारकून भला माणूस. अर्ज वाचून म्हणाला, "अहो, हे असं लिहिलंत तर पहिलं तुमच्यावरच येईल." मी म्हणालो, येऊ द्या.

मागच्या सोमवारी बंटीशेठ घरी आला. टाईप केलेला कागद घेऊन. त्यात लिहिलं होतं की माझ्या आईची स्मरणशक्ती गेली आहे, ती सभेत काय बोलली ते तिला समजत नव्हतं, आणि मी जे बोललो ते रागाच्या भरात बोललो. खाली माझ्या सहीची जागा.

"काका, पुढून दुसरा ओटा," तो म्हणाला. "सावलीतला. सही करा, विषय संपवू."

आई पडवीत शेवंती निवडत होती. सगळं ऐकू जात होतं. तिने वर पाहिलं नाही, मला काही सांगितलं नाही. ती अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

मी कागद दोनदा वाचला. या वेळी मनातल्या मनात. मग घडी घालून खिशात टाकला.

"सही?"

"करत नाही. हा कागद अर्जाला जोडतो."

त्याने हात पुढे केला. "द्या इकडं."

दिला नाही. त्याने हात मागे घेतला आणि गाडी काढून गेला.

सुनावणीची तारीख लागली की मी जाणार आहे. साहेब विचारतील, ही मतं कुणी दिली. आधी मी माझं नाव सांगेन, बापाच्या नावासकट, पूर्ण. ते लिहून झालं की बंटीशेठचं. आणि मग अण्णांचं.