आधी केर दाखवा

माझ्या मेहुण्याइतकं जग तपासून घेणारा माणूस सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी दुसरा सापडणार नाही, आणि असलाच कोणी तर त्याचीही चौकशी माझ्या मेहुण्यानं आधीच करून ठेवलेली असेल. तुम्ही-आम्ही वस्तू बघून वस्तू घेतो. हा आधी टाकलेलं बघतो. हॉटेलात शिरण्यापूर्वी मागच्या अंगाला जाऊन लोकांच्या उष्ट्या ताटांत काय उरलंय ते पाहून येतो. "वांगं समद्यांनी टाकलंय, दाजी. आपुन पिठलं सांगू," असं म्हणत टेबलाशी येऊन बसतो, आणि पिठलं खरोखरच झकास निघतं. त्याच्या बहिणीसाठी माझं स्थळ आलं तेव्हा घरातल्या थोरांनी माझी नोकरी पाहिली, जमीन पाहिली. हा पठ्ठ्या, नुकतं मिसरूड फुटलेला आणि धंद्याला नुकताच लागलेला, एकटाच उठून कराडकडे गेला. तिथल्या एका मुलीनं मला नकार दिला होता. तिच्या वडिलांना गाठून यानं नकाराचं कारण विचारून घेतलं. "पोरगा लय बोलतो, म्हणाले. म्हटलं, एवढीच खोट असंल तर उरकून टाका." माझा संसार या शिफारशीवर उभा आहे.

ही विद्या त्याला धंद्यानं दिली. विट्याकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. हाही शाळा संपताच चुलतभावामागोमाग कोईमतूरला गेला. गलाईच्या दुकानात जुनं सोनं वितळवून शुद्ध करतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ही मंडळी सोनारांच्या दुकानातला केरसुद्धा विकत घेतात आणि तो जाळून, धुऊन त्यातलं सोनं बाहेर काढतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो. त्याला मात्र त्यात विशेष काही वाटत नसे. "दागिना समद्यांचाच चमकतो, दाजी. सोनार कसा हाय ते केरावरनं कळतंय. चांगल्या कारागिराच्या केरात काय बी गावत न्हाई."

पुढे भट्टीचा आणि ॲसिडचा धूर त्याच्या छातीला बाधला. डॉक्टरनं भट्टी बंद म्हणून सांगितलं. चुलतभाऊ भला माणूस. म्हणाला, गल्ल्यावर बस, पुढल्या दिवाळीपर्यंत खुर्ची तुझ्यासाठी राखून ठेवतो. तेवढ्यात विश्रांतीसाठी हा गावी आला. दहावीतल्या मुलीनं दारातच त्याला तांब्या-भांडं आणून दिलं आणि अदबीनं विचारलं, "पप्पा, तुमी कवा जाणार?" हे सांगायला तो साताऱ्याला माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा मला बघवेना. "पोटची पोर मला पाव्हणा समजती, दाजी. आता जायाचं न्हाई." पण घरच्या उसाच्या तुकड्यावर भागणार नव्हतं आणि असल्या छातीनं शेतात राबणं शक्य नव्हतं. दुकानाचा हिशोब तो बरीच वर्षं कॉम्प्युटरवर ठेवत असे. तेव्हा चाळिशी उलटल्यावर यानं ठरवलं की आयटीचा कोर्स करायचा आणि घरात बसून काम मिळवायचं. कोर्स फसला तर कोईमतूरची खुर्ची होतीच, आणि त्याला भीती नेमकी तिचीच वाटत होती.

मग सुरू झाली ती क्लासची शोधमोहीम. सारथी मी आणि माझी स्कूटर. पहिल्या क्लासात एसी होता, काचेचं दार होतं, आणि नोकरी लागलेल्या मुलांच्या फोटोंचा भिंतभर फ्लेक्स होता. समोरच्या मॅडम गोड आवाजात शंभर टक्के नोकरीची हमी देत होत्या. मेहुण्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "हे झाले लागलेले. आता ऱ्हायलेले दाखवा."

"राहिलेले म्हणजे?"

"जे मधनंच सोडून गेले. शिकून बी ज्यांला काम लागलं न्हाई, ते. त्यांचे फोटू कुठं हैत?"

मॅडमनी आतून सरांना बोलावलं. सरांनी आम्हाला चहा पाजला आणि जिन्यापर्यंत पोचवलं. मला शरमल्यासारखं झालं, पण हा जिना उतरला तो थेट खालच्या चहावाल्याकडे गेला आणि वरून रडत खाली आलेली पोरं कोणती, ती आता काय करतात, हे विचारू लागला. चहावाल्याला सगळं माहीत होतं. अशी क्लासमागून क्लास, गावामागून गाव, याची केराची वेचणी चालली. कोणी मोबाईलच्या दुकानात स्क्रीन बदलत होता, कोणी सांगलीला हळदीच्या अडतीवर पोती मोजत होता. हा त्यांच्याजवळ बसायचा, काय शिकलात, काय अडलं ते विचारायचा. अडतीवरचा तो पोरगा बोलता बोलता असा काही खुलला की मलाही त्यातलं थोडंफार समजलं. बाहेर आल्यावर मेहुणा हळहळला. "केरात लय सोनं हाय, दाजी. त्यो क्लास कामाचा न्हाई."

अखेर सांगलीत पंपदुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्यांचा एक क्लास मिळाला. फ्लेक्स नाही, पंख्याचा खडखडाट एवढा की सर काय म्हणतात ते दोनदा विचारावं लागे. यानं राहिलेले मागितले. सरांनी क्षणभर चष्मा पुसला आणि फोन नंबर काढून दिले. म्हणाले, "यातल्या एकाच्या बाबतीत माझंच चुकलं. घाई केली मी." मेहुणा त्या सगळ्यांना भेटून आला. एकानं तर म्हशी घेतल्या होत्या. तो म्हणाला, "सर चांगले हैत, मलाच गोडी न्हवती. अजून बी फोन करून म्हशींची चौकशी करत्यात." मेहुण्यानं दुसऱ्याच दिवशी नाव घातलं.

तिथं टेस्टिंग नावाचा विषय शिकवतात हे कळल्यावर त्यानं मला मुद्दाम फोन केला. "दुसऱ्यानं केलेल्या कामातली खोट काढायची, आन् त्येचा पगार देत्यात! खरं वाटतंय का तुमाला?" जन्मभर जे तो फुकट करत आला होता त्याला बाजारात भाव आहे, हे पचायला त्याला वेळ लागला. पोराच्या वयाच्या मुलांबरोबर बसून तो शिकला आणि सोनारांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत घरबसल्या कामाला लागला. पहिल्याच आठवड्यात त्यानं घटीच्या, म्हणजे घडणीत झिजणाऱ्या सोन्याच्या, हिशोबात इतक्या चुका काढल्या की तिथल्या एका इंजिनिअरनं त्याला फोन करून "काका, जरा दमानं घ्या" अशी विनवणी केली. कोईमतूरची खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. घरात मुलगी आता तांब्या-भांडं आणत नव्हती. चहा निवला की त्याच्यावर ओरडत होती. हे तो मला इतक्या अभिमानानं सांगे की जणू सरकारनं बक्षीस दिलंय.

बारावी झाल्यावर तीच मुलगी म्हणाली, "पप्पा, माझं कालेज तुमीच बघा." तिनं आयुष्यात बापाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. हा पुन्हा बाहेर पडला. घरापासून बसनं जाऊन-येऊन करता येईल असं एक कॉलेज होतं. चांगली इमारत, चांगलं नाव. नुसतं "हे बरं हाय" एवढं म्हणायचं होतं. पोरगी हसत तयार झाली असती आणि रोज संध्याकाळी घरी आली असती. हा तिथल्या राहिलेल्यांना भेटला, मग पुण्याच्या एका कॉलेजातल्या राहिलेल्यांना भेटला, आणि घरी येऊन म्हणाला, "जवळच्या कालेजच्या केरात लय सोनं हाय. पुण्याला जा." मी त्याला वेड्यात काढलं. म्हटलं, "ज्या पोरीसाठी गावाकडं ऱ्हायलास तिलाच धाडतोस? थोडं डोळ्याआड करायचं होतंस." तो म्हणाला, "दुसऱ्याच्या सोन्यात कवा खोट केली न्हाई, दाजी. हितं तर माझंच हाय." त्याच्यापुढे मला फार लहान झाल्यासारखं वाटलं.

परवा भाऊबीजेला बाप-लेक दोघं आमच्याकडे होती. दुपारी तो तिला साताऱ्याच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसवून परत आला आणि पानावर बसला. बायकोनं भाकरी वाढली. पहिला घास हातातच धरून तो म्हणाला, "एवढी वर्षं मी खिडकीतनं हात हलवत होतो, दाजी. खाली उभं ऱ्हाणाऱ्याला काय हुतंय ते आज कळलं."

बायको पदरानं डोळे पुसत आत गेली. मी लय बोलणारा माणूस. मी नुसतं त्याच्या भाकरीशेजारी पिठलं वाढलं.