साळवे सिस्टरांनी कापलेली चावी

मंगळवार, १४ जुलै १९९२, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. या वेळी श्रीमती इंदुमती साळवे यांनी खुलताबाद येथे, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या वडिलांच्या घड्याळाची चावी करवतीने कापली. आमचा पहिला परिचय तो हा. गौरव समितीने मला कळवले आहे की लेखाची सुरुवात पहिल्या परिचयाने करावी आणि भाषा गोड ठेवावी. पहिली सूचना मी पाळली आहे.

साळवे सिस्टर पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्या परिचारिका होत्या. आरोग्य केंद्रातले काम आटोपले की डोंगरावरच्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणे आणि लसीकरण करायला त्या मोटरसायकलने जात. मोटरसायकल त्यांच्या भावाने वापरून झालेली, शंभर सीसीची. त्यांचे यजमान गौतमराव शाळामास्तर. त्यांना गाडी चालवायची भीती वाटे, म्हणून सुटीच्या दिवशी ते औषधांची पेटी मांडीवर घेऊन मागे बसत. त्या काळात हे दृश्य पाहायला लोक दुकानाबाहेर येत. सिस्टर हॉर्न वाजवून त्यांना परत आत पाठवीत.

मी खुलताबादच्या टपाल कचेरीत पोस्टमास्तर होते आणि कचेरीच्या मागच्या क्वार्टरमध्ये एकटी राहत होते. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला नखे स्वच्छ ठेवायला आणि परवानगीशिवाय दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावायला शिकवले होते. त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या बाईंचे हात कोपरापर्यंत काळे होते.

"बाई, पाणी मिळंल का? प्यायला नाय, हाताला."

मी पाणी दिले. हात धुता धुता त्यांची नजर भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाकडे गेली. शेजारी खिळ्याला चावी टांगलेली होती.

"ती चावी चौकोनी भोकाची हाय ना?"

"ती घड्याळाची आहे."

"ते दिसतंय मला. भोक चौकोनी हाय का?"

मी "हो" म्हटले. माझी संमती म्हणतात ती एवढीच.

झाले होते असे की इंजिनाचा एक व्हॉल्व्ह फार आवळ झाला होता आणि गाडी सुरूच होत नव्हती. तो सैल करायचा म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचे झाकण काढून, आत बसलेला एक बारीक, चौकोनी डोक्याचा स्क्रू किंचित फिरवायचा. त्या स्क्रूचा खास पाना शहरातल्या मेकॅनिककडे असे. खुलताबादेत तेव्हा तो कुणाकडेच नव्हता, आणि वरच्या वाडीत एक बाई अडली होती. इंजिन गार झाल्याशिवाय या कामाला हात लावता येत नाही, म्हणून सिस्टर माझ्या पायरीवर बसल्या, चहा प्यायल्या आणि दर दोन मिनिटांनी उठून इंजिनाला हात लावून आल्या.

इंजिन निवले. चावी त्या स्क्रूवर बेतून केल्यासारखी बसली. फिरेना मात्र, कारण चावीच्या रुंद पाकळ्या झाकणाच्या कडेला अडत होत्या. मला वाटले, आता चावी परत मिळेल. सिस्टर समोरच्या सायकलवाल्याकडे गेल्या आणि करवत घेऊन आल्या. मी घरातून बाहेर येईपर्यंत पाकळ्या चिखलात पडल्या होत्या.

"अहो, ती माझ्या वडिलांची चावी आहे!"

"व्हय? मग आज वडिलांच्या पुण्याईनं एक बाळ सुखरूप होतंय बघा. तुमच्याकडं ब्लेड हाय का, दाढीचं?"

"माझ्याकडे दाढीचे ब्लेड कशाला असेल?"

"पेन्सिलीला असंल की हो."

ते होते. सिस्टरांनी उरलेली नळी पकडीत धरून स्क्रू फिरवला आणि व्हॉल्व्हवरच्या फटीत ब्लेड सरकवून पाहिले. ब्लेड सहज निघाले तर फट जास्त, निघालेच नाही तर कमी. अडकत अडकत निघाले पाहिजे. तसे ते निघाले. गाडी पहिल्या किकला सुरू झाली आणि माझी चावी खिशात घालून बाई घाटाकडे निघून गेल्या. संध्याकाळी त्या वाडीत मुलगी झाली. मला हे दुसऱ्या दिवशी कळले, आणि राग अर्धवट सोडावा लागला. अर्धवट सोडलेला राग फार दिवस टिकतो.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या त्या स्वच्छ हातांनी. स्टीलच्या चमच्याचा दांडा काटकोनात वाकवून, त्याच्या टोकाला चावीची नळी लोहाराकडून पितळेची झाळ देऊन जोडून घेतलेली होती. घरी केलेला पाना. त्यांनी तो मला कौतुकाने दाखवला. मी म्हटले, "घड्याळाचे काय?" त्या स्टुलावर चढल्या, त्याच पान्याने घड्याळाला चावी दिली आणि खाली उतरून म्हणाल्या, "चालतंय की. आठ दिवसाला द्यावी लागती ना?"

"मग पाना माझ्याकडे ठेवा."

"आन् वाटंत गाडी अडली तर? पाना माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. रविवारी येत जाईन मी."

अशा रीतीने एका पान्याला दोन मालकिणी झाल्या. माझा हिस्सा दर रविवारी सकाळी दहाचा.

त्यांच्या कामाविषयी इतर लेखक लिहितीलच. मी एकच प्रसंग सांगते. टपालाच्या एका शाखेच्या तपासणीसाठी मला डोंगरावर जायचे होते. एसटी चुकली. सिस्टर म्हणाल्या, "बसा मागं." मी त्याआधी मोटरसायकलवर कधी बसले नव्हते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या सगळ्या प्रार्थना घाटात म्हणून झाल्या. वाडीत पोचलो तर पहिल्याच घरात चुलीवर पातेले चढलेले, पाणी कोमट झालेले.

मी विचारले, "यांना कसे कळले तुम्ही येताय ते?"

उत्तर त्या घरातल्या म्हातारीने दिले. "आवाज आला ना खालच्या वळणावरून. सिस्टरची गाडी वळखू येती. टाकलं पानी तापाया."

परतताना सिस्टर म्हणाल्या, "म्हणून टॅपेट, ती व्हॉल्व्हवरची फट, सारखी बघावी लागती मला. फट जास्त झाली की इंजिन टकटक करतं, आवाज बदलतो. मग ह्या बायांना वाटंल दुसरंच कुणीतरी चाललंय. पाणी गार, आन् मी दारात." लोकांना वाटे बाईंना गाडीची हौस आहे. त्या आपला आवाज राखत होत्या.

एकदा आरोग्य केंद्राच्या अंगणात त्या असेच इंजिन उघडून बसल्या होत्या. तपासणीला आलेले एक साहेब म्हणाले, "सिस्टर, बाईमाणसानं असं जमिनीवर बसून ग्रीस लावून घेणं बरं दिसत नाही." सिस्टरांनी पाना त्यांच्यापुढे धरला. "बरोबर हाय साहेब. तुम्ही बसा इथं. मी जाते तुमच्या खुर्चीत." साहेब हसले, असे मला सांगण्यात आले. मी स्वतः तिथे असते तर ते हसले नसते.

पुढे नव्या परिचारिका आल्या. काहींनी मोटरसायकली घेतल्या. प्रत्येकीला सिस्टरांनी एकेक पाना करून दिला. त्यासाठी त्या शहरात आल्या की जुन्या बाजारात बंद पडलेल्या घड्याळांच्या चाव्या शोधत फिरत. "चालू घड्याळाची चावी कापायची नाय," असा त्यांचा नियम होता. मी विचारले, "आणि माझी?" त्या म्हणाल्या, "नियम तुमच्यानंतर झाला."

निवृत्तीनंतर मी शहरात, औरंगपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहायला आले, आणि त्या पडेगावला मुलीकडे. गौतमराव गेले. त्या आठवड्यातल्या रविवारीही सिस्टर दहा वाजता आल्या. मी म्हटले, आज कशाला आलात? त्या म्हणाल्या, "घड्याळाला काय माहीत." चावी दिली आणि माझ्या खुर्चीत बसल्या. मी चहा केला. त्या दिवशी मी त्यांना टोचून काही बोलले नाही. माझ्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा त्या रोज आल्या. "उघडा डोळा. अख्खा तालुका भीत होता तुम्हाला, आन् एका थेंबाला भिता?" असे म्हणत त्यांनी माझ्या डोळ्यात औषध घातले. त्यातल्या एका रविवारी कापूस शोधताना त्यांनी माझ्या कपाटाचा वरचा खण उघडला आणि लगेच मिटला. त्या खणाविषयी शेवटी सांगते.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायचे मान्य केले ती गोष्ट. गेल्या महिन्यात एका रविवारी दहा वाजले, साडेदहा वाजले, सिस्टर आल्या नाहीत. फोन केला.

"पोरीनं गाडीची किल्ली काढून घेतली हो. हात थरथरतोय म्हणती."

"मग रिक्षा आहे."

"आन् पाना तर समितीला दिला मी. काचंच्या पेटीत ठेवणारेत, नर्सिंगच्या मुलींना बघायला. आता गाडीच नाय तर पाना कशाला?"

"आणि घड्याळ?"

"मोबाइलात टाइम दिसतोय की तुमच्या."

घड्याळ दोन वाजून पंचवीस मिनिटांवर थांबले आहे. मी ते तसेच ठेवले आहे.

समितीच्या चिटणीसबाई मला म्हणाल्या, "मॅडम, आम्ही तुम्हाला नवी चावी आणून देतो." त्या सिस्टरांच्याच हाताखाली तयार झाल्या आहेत आणि त्यांच्याकडे सिस्टरांनी करून दिलेला पाना आहे. समितीतल्या प्रत्येकीकडे आहे. काचेच्या पेटीत ठेवायची एवढी हौस असेल तर त्यांनी स्वतःचा ठेवावा. माझा अर्धा हिस्सा मला न विचारता दान करण्याचा अधिकार साळवे सिस्टरांना नव्हता. पण त्यांची ही सवय जुनीच आहे.

राहिला तो खण. नवी चावी औरंगपुऱ्यात, माझ्या जिन्याखालच्या दुकानात मिळते. मला ठाऊक आहे, कारण इथे राहायला आले त्याच आठवड्यात मी ती आणली. त्या वरच्या खणात ती अजून कागदात गुंडाळलेली आहे. सिस्टरांनी ती त्या दिवशी पाहिली. खण मिटून त्या स्टुलावर चढल्या आणि नेहमीसारखा खिशातून पाना काढून घड्याळाला चावी दिली. त्यानंतर कितीतरी रविवार आल्या. मी नव्या चावीबद्दल बोलले नाही, त्याही बोलल्या नाहीत. मग आता मोबाइलमधली वेळ मला दाखवायचे कारण काय? हात थरथरत असेल तर स्टूल मी धरीन. चावी अडकत अडकतच फिरली तरी घाई कुणाला आहे?

साळवे सिस्टरांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो. मात्र ते एकदम मिळू नये. आठ आठ दिवसांचे मिळावे, आणि दर रविवारी त्याची पोच मला मिळत राहावी.

या विषयावर मला त्यांचे लेखी उत्तर हवे आहे. समारंभानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाच्या आत ते मिळावे. फोनवरचे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही. टपालाने पाठवू नये, मी टपालात आयुष्य काढले आहे. उत्तर समक्ष आणि पान्यासह द्यावे. रिक्षा थेट जिन्यापर्यंत येते. रिक्षाचा आवाज मात्र मला ओळखू येणार नाही, तेव्हा खालून एक हाक मारावी, म्हणजे मी पाणी तापायला टाकीन.