खोट्या माणसांची यादी

आमच्या ऑफिसात त्याला सगळे ब्रह्मदेव म्हणायचे, कारण तो माणसं घडवायचा. दवाखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. ते धड चालतं की नाही हे रोज सकाळी मशीन तपासतं, आणि तपासायला रुग्ण लागतात. खऱ्या माणसाची माहिती वापरायची नाही, हा नियम. मग ब्रह्मदेव खोटे रुग्ण तयार करायचा: एकशेवीस वर्षांचा म्हातारा, आडनाव नसलेली बाई, तीस फेब्रुवारीला जन्मलेलं बाळ. आलेल्या विनंतीचं काय करायचं हे ठरवणाऱ्या भागाला आम्ही कंट्रोलर म्हणतो. तो या मंडळींपुढे गडबडला की ब्रह्मदेवाची स्वारी खूश.

हे काम मशीनलाही जमतं. एक बटण दाबलं की हजार रुग्ण तयार. पण मशीनची माणसं त्याला पसंत नव्हती. "यांना ना घर ना दार," म्हणायचा. "असल्यांपुढे कुठलाही प्रोग्राम शहाणाच ठरतो." मी बारा वर्षं त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले. माणूस कामात वाघ होता आणि तितकाच आगाऊ. नियम दुसऱ्यांसाठी असतात, असं त्याला मनापासून वाटायचं.

एकदा त्याला सत्तरीची बाई हवी होती, आणि फोन खरोखर वाजतो का तेही बघायचं होतं. त्याने सरळ आपल्या अक्काची जन्मतारीख आणि घरचा नंबर घातला. अक्का म्हणजे थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. घरात दोघंच. "अक्काची तारीख मला झोपेतही आठवते," तो म्हणाला. मी हसले. तेव्हाच त्याचा कान धरायला हवा होता.

पुढे आमचे काही खोटे रुग्ण चुकून एका खऱ्या दवाखान्याच्या नोंदींत शिरले. तिथली नर्स तीस फेब्रुवारीच्या बाळाला लशीसाठी फोन लावत बसली, आणि आमच्या साहेबांची चांगलीच खरडपट्टी निघाली. साहेबांनी फर्मान काढलं: खोट्या माणसांची यादी करा, यादीतल्या कुणालाही फोन जाता कामा नये. ब्रह्मदेवाने तासाभरात यादी सॉफ्टवेअरला जोडून दिली. ती फोन नंबरवरून माणूस ओळखायची. घरचा नंबरही तिच्यात गेला, हे त्याच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. वर त्याने एक चाचणी लिहिली, त्याच सत्तरीच्या बाईवर: रिपोर्ट वाईट आला तरी हिला फोन जायचा नाही. गेला नाही की हिरवी खूण, म्हणजे सगळं ठीक.

दोन वर्षांनी अक्काच्या काखेत गाठ आली. त्याच दवाखान्यात तुकडा काढून तपासायला दिला. डॉक्टर म्हणाले, "काही वावगं निघालं तर आम्हीच फोन करू. नाही आला तर निर्धास्त राहा."

फोन आला नाही. महिना उलटल्यावर ब्रह्मदेवाने आम्हा सगळ्यांना चहा पाजला.

पाच महिन्यांनी अक्काला हात वर करता येईना, तेव्हा दोघं पुन्हा गेले. खिडकीतली बाई कॉम्प्युटरकडे बघून म्हणाली, "रिपोर्ट तर कधीच आलाय की! पण यांच्यापुढे 'खोटा रुग्ण' असं लिहिलंय. म्हणून फोन गेला नसेल." हे त्यानेच मला दुसऱ्या दिवशी उभ्या उभ्या सांगितलं. मला त्याची दया आली नाही. राग आला, त्याचा आणि माझाही.

अक्कापासून त्याने काही लपवलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझीच तारीख तेवढी पाठ होती ना तुला? मग रडतोस कशाला? जा, तोंड धुऊन ये." उपचारांची वेळ निघून गेली होती. तीन महिन्यांत ती गेली.

कामावर परतला त्या दिवशी त्याने चाचण्यांच्या जुन्या नोंदी उघडल्या आणि मला बोलावलं. अक्काचा रिपोर्ट आला त्या तारखेपासून दोघं पुन्हा दवाखान्यात गेले तोवर रोज सकाळची एक ओळ होती: सत्तरीची बाई, रिपोर्ट वाईट, फोन गेला नाही. पुढे हिरवी खूण. पाच महिने, रोज. त्यातल्या कितीतरी सकाळी आम्ही दोघं त्याच ओळीसमोर बसून चहा प्यायलो होतो.

"बघ," तो म्हणाला, "एकदाही चुकलं नाही."